चंद्राक्काची दाढ

"ताट दाखवा, आक्का."

चंद्राक्कानं उजव्या हातानं ताट उचललं आणि माझ्यापुढे तिरकं केलं. डाव्या हातात डायलिसिसच्या सुया टोचलेल्या, तो हात उशीवर सरळ ठेवलेला. ताट लख्ख होतं. दोन उकडलेली अंडी, दोन चपात्या, मुगाची उसळ, सगळं फस्त.

"सगळं खाल्लंत?"

"खाल्लो की." ताट खाली ठेवून तिनं पदर तोंडाशी धरला. इचलकरंजीकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल 'खाल्लो, गेलो' असंच बोलतात. मी देवरुखची. येऊन दोन वर्षं झाली तरी मला त्याची गंमत वाटायची. त्या दिवशी वाटली नाही.

"मग हे काय आहे?" मी रक्ताचा रिपोर्ट तिच्या नाकासमोर धरला. तिला वाचता येत नव्हतं, पण मला धरायचाच होता. "रक्तातलं प्रोटीन, अल्ब्युमिन, दोन पॉइंट चार. मागच्या महिन्यात दोन पॉइंट सात होतं. खाल्लेलं जातंय कुठे?"

"मला काय कळतंय बाई त्यातलं. तुमीच बगा."

शेजारच्या पलंगावरचे बशीरभाई मोमीन खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. हॉस्पिटलची पाण्याची टाकी होती.

मी वहीत टिक केली आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. ट्रस्टचं हॉस्पिटल, डायलिसिसची सहा यंत्रं आणि आहारतज्ज्ञ म्हणून मी एकटी. मी एकतीस वर्षांची होते. लग्न झालेलं नव्हतं, होण्याची चिन्हंही नव्हती, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. माझ्या माघारी पेशंट मला 'ताटवाली' म्हणायचे. त्याला कारणही होतं. किडनीचं दुखणं सुरू झालं की डॉक्टर सांगतात, डाळ-अंडी बेतानं खा. डायलिसिसवर आलं की आम्ही सांगतो, आता भरपूर खा, कारण यंत्र रक्तातल्या घाणीबरोबर चांगलंही थोडं ओढून नेतं. हे उलटंपालटं कुणाच्या गळी उतरत नाही. म्हणून मी ट्रस्टींच्या मागे हात धुऊन लागले आणि डायलिसिसच्या दिवशी प्रत्येक पेशंटला एक ताट मंजूर करून घेतलं. ताट रिकामं झालं की वहीत टिक. त्या वहीवर माझा फार जीव होता.

आणि ताटानं गुण आला होता. सगळ्यांची अंगं भरत चालली होती, एक चंद्राक्का सोडून. तिचे दंड काठीसारखे झाले होते. ब्लाउजला तिनं दोन्ही बाजूंनी टाके घालून घेतले होते.

मोठे डॉक्टर मला म्हणाले, "हा आकडा दोनच्या खाली गेला तर ही बाई दिवाळी बघणार नाही. साधं सर्दी-पडसं झालं तरी हातची जाईल. ती खात नाहीये."

"खाते सर. माझ्या वहीत आहे."

"मग वहीलाच विचारा काय ते."

मी रागानं लाल झाले. त्याच आठवड्यात बशीरभाईंचा रिपोर्ट आला. त्यांचं फॉस्फरस सातवर गेलेलं, म्हणजे खाणं जास्त होत होतं. अंगाला खाज सुटली होती, पाठ भिंतीला घासून बसायचे. यंत्रमागावर वीस वर्षं काढलेला हा माणूस पंचेचाळिशीचा, आडव्या हाडाचा, खाण्यात दर्दी.

"बशीरभाई, घरी काय काय खाताय?"

"तुम्ही लिहून दिलंय तेच मॅडम. कसम से."

एकाचा आकडा वर, दुसरीचा खाली. दोघांचे पलंग शेजारी-शेजारी, दोघांचे दिवस मंगळवार-शुक्रवार. दोन्ही कागद माझ्या टेबलावर एकावर एक पडलेले. तरी मला अक्कल यायला तीन आठवडे लागले.

त्या दोघांबद्दल माझा आणखी एक ग्रह झाला होता. डायलिसिसच्या माणसाला दिवसाला जेमतेम अर्धा-पाऊण लिटर पाणी. घशाला कायम कोरड. बशीरभाई त्यावर उपाय म्हणून थर्मासमध्ये बर्फाचे खडे भरून आणायचे आणि एकेक खडा चघळत बसायचे. ते दर वेळी आधी शेजारी विचारायचे, "आक्का, घ्या एक खडा." चंद्राक्का दर वेळी पदर तोंडावर ओढून मान फिरवायची. "नगं." मला वाटायचं, मोमिनाच्या हातचं चालत नाही म्हातारीला. मनातल्या मनात मी तिला त्याबद्दल चार शब्द सुनावलेही होते.

एका शुक्रवारी मी ताटं वाटून झाल्यावर मोठ्यानं जाहीर केलं की मी मीटिंगला चालले आहे, आणि दाराबाहेर जाऊन पडद्याआड उभी राहिले.

पाच मिनिटं गेली. मग चंद्राक्कानं ताट उचललं आणि शेजारी पुढे केलं. बशीरभाईंनी मोकळ्या हातानं दोन्ही अंडी, चपात्या, उसळ आपल्या ताटात ओतून घेतली आणि रिकामं ताट तिला परत दिलं. दोघंही एक शब्द बोलली नाहीत. इतकं सराईत काम होतं.

मी आत शिरले ते फुटलेल्या फटाक्यासारखीच.

"वा! छान चाललंय! मी ट्रस्टींच्या पाया पडून हे ताट मिळवलं, ते याच्यासाठी? बशीरभाई, तुम्ही खाजवून खाजवून रक्त काढताय ते याचंच. आणि आक्का, तुम्ही! तुम्हाला जगायचं आहे की नाही ते एकदा सांगून टाका. वर्षभर माझ्या तोंडावर खोटं बोलताय!"

"मॅडम, त्या म्हणाल्या, अन्न टाकलं तर पाप लागतं, म्हणून मी..." बशीरभाई चाचरले.

"तुम्ही गप्प बसा!" माझा तोल गेलाच होता. "घरी विचारायला कुत्रं नाही, म्हणून इथे आम्ही विचारतोय. तर त्याची ही किंमत?"

यंत्रं तेवढी घरघरत होती.

चंद्राक्कानं पदर तोंडावरून काढला नाही. म्हणाली, "व्हय. कुत्रं न्हाई."

मी बाहेर गेले. खोलीवर जाऊन भात लावला आणि ओट्याशी उभ्या उभ्या खाल्ला. मी रोज तशीच जेवायचे. एकटीसाठी ताट कुठे घेत बसायचं?

मंगळवारी चंद्राक्का आली नाही.

नऊ वाजले, अकरा वाजले, तिचा पलंग तसाच. एक पाळी चुकली की शरीरात पाणी साठत जातं, छातीत चढतं, माणूस बसल्या जागी बुडतो. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मला वहीत मान घालून बसवेना.

"बशीरभाई, आक्का राहतात कुठे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "माळावर. कांडी कारखान्याच्या मागं. मॅडम, एवढं बोलायला नको होतं."

"माहीत आहे मला."

"तिकडं जाऊन ओरडू नका परत."

चंद्राक्कानं तीस वर्षं कांडी मशीनवर काढली होती. मागाला लागणाऱ्या कांड्यांवर सूत भरायचं काम. त्या कारखान्याच्या मागच्या भिंतीलाच तिची खोली होती. दार लोटलेलं होतं. भिंतीपलीकडून मागांचा खडखडाट येत होता. चंद्राक्का भिंतीला टेकून बसली होती, आडवं झालं की दम लागत असणार. पुढ्यात चहाचा कप, आणि चहात बुडून लगदा झालेला एक बटर. इकडे बेकरीत मिळतो तो, टोस्टासारखा कडक. ती बोटानं तो लगदा उचलून जिभेवर ठेवत होती आणि न चावता गिळत होती.

मला बघून तिनं पदर ओढायला हात उचलला, पण त्याआधी मला गाल दिसला. उजवा गाल लिंबाएवढा सुजला होता.

"आ करा."

"कशाला?"

"आ करा म्हणते ना!" मला ओरडायचं नव्हतं. माझा आवाजच तसा आहे.

तिनं तोंड उघडलं. घाण वास आला. हिरड्या जांभळ्या, सुजलेल्या, दोन-तीन दात हलत असलेले. आणि उजवीकडे वर, पुवानं भरलेल्या हिरडीत, एका दाढेवर सोन्याची टोपी चकाकत होती.

वर्षभर मी या बाईच्या ताटात बघत होते. तोंडात एकदाही बघितलं नव्हतं. डॉक्टर तिचा हात बघायचे, पाय दाबून सूज बघायचे, सिस्टर वजन बघायची. तोंडात कुणीच नाही.

"कधीपासून आहे हे?"

"वरीस झालं. घास चावला की डोस्क्यापातुर कळ जाती. गार लागलं तर इचारूच नगासा."

म्हणजे बर्फाचा खडा. मी तिच्यासमोर खाली बसले.

"मग सांगितलं का नाही आक्का? एका शब्दानं?"

"सांगितलं असतं तर उपटा म्हनला असता तुमी."

"अहो, मग उपटायला नको? एका किडक्या दाढेपायी उपाशी मरताय!"

"ती न्हाई उपटायची." तिनं तोंड मिटलं.

मी ओरडले नाही. मला ते क्वचितच जमतं, त्या दिवशी जमलं. मग तीच बोलायला लागली, एका वाक्याला दोनदा श्वास घेत.

"आमचा मालक गेला तवा मी कांडीवर हुतो. कोनतरी सांगत आलं. पळत आलो. भिंतीपलीकडंच कारखाना, पर मी येईस्तवर गेलेला. शेजारची म्हातारी म्हनली, मुखात सोन्याचा कण घाल, पानी घाल. मी गळ्यातल्या मंगळसूत्राची वाटी तोडली. पर त्येचं तोंड मिटलं हुतं. घट्ट. चौघांनी बघितलं, उघडलं न्हाई. तसाच गेला, रिकाम्या तोंडानं. घरात कोन असतं तर..."

तिनं दम घेतला. माग खडखडत होते.

"मला पोर न्हाई, भाऊ न्हाई. माझ्या तोंडात कोन घालनार? म्हनून त्या दोन वाट्या आटवून दाढंवर टोपी घालून घेतली. आता कवाबी मेलो तरी काळजी न्हाई. सोनं मुखातच हाय."

मला हसू आलं असतं, एरवी. मी म्हणाले, "मरायच्या तयारीपायी मरताय आक्का तुम्ही."

"मग काय करू, तूच सांग." पहिल्यांदा ती मला 'तू' म्हणाली.

"आत्ता उठायचं आणि रिक्षात बसायचं. दाढेला हात लावत नाही. शब्द देते."

त्या दिवशी तिच्या अंगातून साडेचार लिटर पाणी काढलं. थोडक्यात वाचली.

शुक्रवारी मी दातांच्या डॉक्टरांना, शिरगुप्पे त्यांचं नाव, वॉर्डातच घेऊन आले. त्यांनी विजेरी लावून बघितलं आणि मला बाजूला नेऊन सांगितलं, "दाढ काढावीच लागेल. बाकीच्या हिरड्या साफ केल्या तर सुधारतील. नुसतं खाता येत नाही एवढंच नाही हो, हा पू चोवीस तास शरीराला पोखरतोय. तुम्ही कितीही अंडी चारा, आकडा वर यायचा नाही. मात्र आज नको. डायलिसिसला रक्त पातळ करायचं औषध देतात. उद्या शनिवारी करू."

मी पलंगाशी जाऊन बसले. "आक्का, डॉक्टर टोपी काढून तुमच्या हातात देतील. सोनं कुठे जात नाही."

"हातात घिऊन काय करू? मेल्यावर हात चालत्यात व्हय?"

शेजारी बशीरभाई ऐकत होते. आता अख्ख्या वॉर्डाला ही कथा ठाऊक झाली होती.

"मी घालेन," मी म्हणाले.

"तू? तू तर माझं कुत्रं काढलीस."

"चुकले." हा शब्द माझ्या तोंडून किती वर्षांनी आला होता कोण जाणे. "चुकले मी, आक्का. मी घालेन सोनं. माझ्याकडे द्या, मी जपून ठेवते."

"आन मधल्या वारी मेलो तर?"

"तुमच्या शेजारणीकडे हॉस्पिटलचा नंबर देते. असेन तिथून येईन."

"लगीन करून गेलीस तर?"

"आक्का," बशीरभाई मध्येच म्हणाले, "यांच्याशी लग्न कोण करतंय? पहिल्या दिवशीच म्हणतील, ताट दाखवा."

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. चंद्राक्का नाही हसली. ती माझ्याकडे बघत होती, भाजीवालीच्या तराजूकडे बघावं तशी.

"घरात मेलो तर मेलो. पर ह्या मशीनवर मानूस पटकन जातंय, मी बघितलंय. मंगळवार, शुक्कीरवार तू सुट्टी घ्यायची न्हाई. कबूल?"

"कबूल."

"देवाची आन?"

"देवाची आण."

शनिवारी दाढ काढली. शिरगुप्पे डॉक्टरांनी टोपी धुऊन, पुसून दिली. हरभऱ्याच्या डाळीएवढी पिवळी टोपी, आतून काळी. चंद्राक्कानं घरून आपली जुनी कुंकवाची डबी आणली होती. मालक गेल्यापासून ती रिकामीच होती. टोपी तिच्यात घालून झाकण लावलं, कानाशी धरून हलवून बघितलं आणि डबी माझ्या हातात दिली. तोंडात बोळा होता म्हणून बोलली नाही. मी डबी पर्समध्ये ठेवली.

मग तीन आठवडे गुरगुट्या भात, शिरा, मऊ अंड्याची भुर्जी. हिरड्यांची सूज उतरली. नंतरच्या एका मंगळवारी मी तिच्यासमोर ताट ठेवलं आणि जागची हलले नाही. तिनं उकडलेलं अंडं हातात घेतलं. अर्धं मोडलं. डाव्या बाजूनं हळूहळू चावायला लागली. समोरच्या पलंगावरचे मास्तर, सिस्टर, बशीरभाई, सगळे टक लावून बघत होते.

तिनं घास गिळला. "मीठ न्हाई ह्यात," ती म्हणाली.

"मिळणारही नाही," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. काय बावळटपणा!

बशीरभाईंनी थर्मास उघडला. "आक्का, खडा?"

तिनं हात पुढे केला. खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले. "आगा आई गं," ती म्हणाली, "केवढं गार!"

"बघा," बशीरभाई मला म्हणाले, "आता चणेही गेले आणि दातही. माझी अंडी बंद." दोन महिन्यांत त्यांची खाज गेली. चंद्राक्काचा आकडा तीनवर आला, मग तीन पॉइंट चार. ब्लाउजचे टाके तिनं उसवले. मोठे डॉक्टर मला म्हणाले, "काय म्हणते वही?" मी म्हटलं, वही फेकून दिली. तेव्हापासून नवीन पेशंट आला की मी आधी 'आ करा' म्हणते. आता तेच माझं नाव पडलंय.

एकदा ताट खाली ठेवून चंद्राक्कानं मला विचारलं, "तू काय खाल्लीस आज?"

"खाल्लं की."

"ताट दाखव."

मी हसून उडवून लावलं. ती हसली नाही. "तुझं ताट कोन बगतंय गं?" म्हणाली. मी औषधांच्या कपाटाकडे वळले, तिथे माझं काही काम नव्हतं.

असं सव्वा वर्ष गेलं. एवढ्या काळात मी मंगळवार-शुक्रवार एकदाही चुकवला नाही. तापातसुद्धा आले. डबी पर्समध्ये, पर्स खांद्याला. लोकांना वाटायचं, मॅडमच्या पर्समध्ये काय एवढं आहे.

मग पुण्याहून पत्र आलं. मोठं हॉस्पिटल, मोठी जागा, मुलाखत शुक्रवारी सकाळी अकराला. मी वार बदलून मागितला, तो मिळाला नाही. मला ती नोकरी हवी होती. खोटं कशाला बोलू? संध्याकाळी खोलीवर जाऊन भिंतीशी बोलायचा मला कंटाळा आला होता. पुण्यात निदान बहीण होती. चंद्राक्काला सांगावं असं दहा वेळा मनात आलं. पण ती 'जा' म्हणाली असती तर मला वाईट वाटलं असतं, आणि 'नको' म्हणाली असती तर मी थांबले असते. म्हणून मी सांगितलंच नाही. सिस्टरला म्हटलं, आईला बरं नाही, आणि गुरुवारी दुपारची एसटी पकडली. स्वारगेटला उतरल्यावर पर्समध्ये हात घातला तेव्हा डबी हाताला लागली. सिस्टरकडे देऊन यायची राहिली होती. एका दिवसानं काय होतंय, असं म्हणून मी पर्सची चेन लावली.

मुलाखतीत तिघं होते. एकानं विचारलं, "पेशंट नीट जेवतोय की नाही, हे तुम्ही कसं ओळखता?"

मी म्हणाले, "आधी तोंड उघडायला सांगते."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना उत्तर फार आवडलं. एकानं लिहूनही घेतलं. समोरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते. ती नोकरी मला मिळालीही. मी घेतली नाही.

शनिवारी दुपारी परतले तर सिस्टर जिन्यातच भेटली. चंद्राक्का शुक्रवारी यंत्रावरच गेली. हृदय थांबलं. गल्लीतल्या लोकांनी संध्याकाळच्या आतच सगळं उरकलं होतं. मी तशीच माळावर गेले. खोलीला कुलूप होतं. भिंतीपलीकडे माग चालू होते.

मंगळवारी मी वॉर्डात गेले. तिच्या पलंगावर नवा पेशंट झोपवला होता, एक तरुण मुलगी. सुया लावून झाल्यावर बशीरभाईंनी मला खुणेनं बोलावलं.

"मॅडम, एक सांगायचंय. रागावू नका."

"नाही रागावत."

"साडेअकराच्या सुमाराला आक्का म्हणाल्या, बशीर, छातीत कसंतरीच व्हायलंय. सिस्टरनं प्रेशर बघितलं आणि डॉक्टरला बोलवायला पळाली. आक्कांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, बाई कुठाय? आज शुक्कीरवार हाय न्हवं?" त्यांनी दाराकडे बघितलं. "मी म्हटलं, आल्या, आल्या, जिन्यात आहेत. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. असं. उघडंच ठेवलं, वाट बघत. आता मी काय करू? तुम्ही नाही. सोनं नाही. म्हटलं, काहीतरी तर घालायला पाहिजे."

त्यांनी उजवा हात लांब करून दाखवला, इथून तिथवर. "ओढ बसून माझ्या सुया हलल्या, मशीन बोंबलायला लागलं. थर्मासमधला एक खडा काढला, बारीकसा, आणि ठेवला त्यांच्या जिभेवर. म्हटलं, आक्का, घातलं बघा मॅडमनी."

मी त्यांच्या पलंगाच्या कडेला बसले.

"त्यांनी तोंड मिटलं. घट्ट. मग डॉक्टर आले, छाती दाबली, सगळं केलं. पण ते नंतर." बशीरभाईंचे डोळे भरले होते. "तुमच्या नावानं खोटं बोललो मॅडम. पण त्यांना कळलं नसेल ना? सोनंही जिभेला गारच लागतं ना?"

मी पर्समधून डबी काढली, झाकण उघडलं आणि टोपी तळहातावर घेतली. सव्वा वर्ष माझ्या काखेत राहून ती कोमट झाली होती.

"हो," मी म्हणाले. "गारच लागतं, बशीरभाई."